गौताळ्याच्या डोंगराचा नकाशा: आधी पाणी मांडा, उंची नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कन्नड तालुक्यात गावामागे गौताळ्याचा डोंगर. तुम्ही चार-पाच जण मिळून त्या डोंगराचा आणि त्यातल्या ओढ्यांचा नकाशा करताय. तो पाणलोटाच्या कामाला उपयोगी पडावा आणि डोंगर फिरणाऱ्यालाही, अशी इच्छा आहे. पण जुनी टोपोशीट (सर्वेक्षण विभागाचा उंची दाखवणारा नकाशा), उपग्रहाचं चित्र आणि मोबाईलचा जीपीएस एकमेकांशी जुळत नाहीत. संगणकाने काढून दिलेले नाले तर भलतीकडूनच वाहतात. मग खरं कोणाचं धरायचं, असं तुम्ही विचारलंय.

पाण्याचं धरा. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढायला घेण्याआधी माथ्यावर पाणी वाटणारी रेघ आणि प्रत्येक ओढ्याचा तळ, एवढं पक्कं करा. ते पक्कं झालं की उंचीच्या चुका आपोआप उघड्या पडतात, कारण समोच्च रेषेचा कोन ओढ्याच्या तळाशी वरच्या अंगाला वळतो आणि सोंडेवर, म्हणजे डोंगराच्या पुढे आलेल्या धारेवर, खालच्या अंगाला. ओढा चुकीच्या जागी असेल तर कितीही सुबक समोच्च रेषा काढल्या तरी त्या खोट्याच.

या डोंगरात हे जास्तच महत्त्वाचं आहे. अजिंठ्याची रांग तापी आणि गोदावरीचं पाणी वेगळं करते. उत्तरेकडे उतरलेलं पाणी डोंगरी, तितूर या नद्यांमार्फत गिरणेत, तिथून तापीत आणि अरबी समुद्रात जातं. दक्षिणेकडचं शिवनेतून किंवा पूर्णेतून गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराला जातं. कन्नडचं पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे आणि चाळीसगाव साडेतीनशेच्या आसपास. हा सगळा फरक उत्तरेच्या कड्यात थोड्याशा आडव्या अंतरात संपतो. दक्षिणेला मात्र उतार इतका मंद, की वावरात उभं राहून पाणी कुणीकडे जाईल ते डोळ्यांना कळत नाही.

इथे बहुतेकांची एक समजूत असते: कड्याची धार म्हणजेच पाणी वाटणारी रेघ. ती पुष्कळ ठिकाणी खरी नाही. तापीच्या बाजूचे ओढे आखूड आणि तीव्र उताराचे, म्हणून त्यांची झीज जोरकस. ते पठाराला मागे मागे खात आत शिरलेत. पितळखोऱ्याची घळ बघा, किंवा पूर्वेला अजिंठा लेण्यांजवळ वाघूर नदी जिथे सातकुंडात उतरते ती जागा बघा. दोन्हीकडे पठारावरचं पाणी कड्याच्या काठाशी येऊन उत्तरेला उडी घेतं. म्हणजे पाणी वाटणारी रेघ कड्यापासून मागे, सपाट माळावर कुठेतरी असते, आणि ती सापडायला सगळ्यात अवघड. उंचीची कोणतीही फुकट माहिती तिथे पुरत नाही, कारण माळावरचा चढ-उतार तिच्या चुकीपेक्षा कमी असतो.

माळावरची ही रेघ शेतकऱ्याला विचारून काढायची. त्याच्या वावराचं पाणी कोणत्या बांधावरून फुटतं, ते कोणाच्या वावरात जातं, पुढे कोणत्या ओढ्याला मिळतं, हे त्याला पाठ असतं. गाव नकाशाची प्रत सोबत घ्या आणि गटागटावर बाणाची खूण करत जा. जिथे शेजारच्या दोन गटांचे बाण उलट दिशांना गेले, तिथून रेघ गेली. जोराच्या पावसात एकदा स्वतः जाऊन खात्री करा. उत्तरेकडे जाणारं पाणी दक्षिणेच्या नाल्यात धरून बंधाऱ्याचा हिशेब केला, तर तो बंधारा भरणारच नाही. पाणलोटाचा नकाशा म्हणून तुम्ही याचा वापर करणार असाल तर एवढ्या एका रेघेला सगळ्यात जास्त वेळ द्या.

आता तीन नकाशे का जुळत नाहीत ते. जुन्या टोपोशीट एव्हरेस्टच्या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, आणि बहुशंकू प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या एका रीतीने) बनलेल्या आहेत. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये दक्षिणेत त्रिकोण मापायला सुरुवात केली. ते काम उत्तरेकडे सरकत आपल्या शेजारच्या बीदरपर्यंत आलं, तिथे पायारेषा (ज्या बाजूवरून पुढचे त्रिकोण काढायचे ती जमिनीवरची रेघ) मोजली गेली, आणि १८२३ मध्ये हिंगणघाटला लॅम्बटन वारला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ते चालवलं आणि १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराची जी मापं ठरवली, ती भारताच्या नकाशांना पुढची पावणेदोनशे वर्षं पुरली. तुमचा मोबाईल मात्र डब्ल्यूजीएस-८४ या नव्या, जगभरच्या मापावर चालतो. या दोन मापांमुळे आपल्या भागात तोच बिंदू शंभर मीटरहून जास्त सरकतो. टोपोशीट स्कॅन करून, कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश तसेच टाकून ती उपग्रहाच्या चित्रावर ठेवली असेल, तर ओढा सोंडेवर चढलेला दिसणारच. त्यात ओढ्याचा किंवा सर्वेक्षणाचा काही दोष नाही. क्यूजीआयएस या नकाशाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये शीट आत घेताना तिचं मूळ माप सांगा आणि मग ते बदलून घ्या.

त्याहून सोपं म्हणजे २००५ च्या नकाशा धोरणानंतर आलेल्या खुल्या मालिकेच्या शीट वापरा. त्या डब्ल्यूजीएस-८४ वरच आहेत आणि १:५०,००० च्या शीट सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून नोंदणी करून उतरवता येतात. जुन्या क्रमांकाने बोलायचं तर ७५ अंश पूर्व रेखांश तुमच्या डोंगरातूनच जातो. त्यामुळे पाटणादेवी आणि पितळखोरं ४६ एल/१५ वर आणि गौताळ्याचा पूर्वेकडचा भाग ४६ पी/३ वर पडतो. दोन्ही शीट मिळवा आणि जोडावरचे ओढे एकमेकांना मिळतात का ते आधी तपासा. यूटीएमसाठी (पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगायची रीत) तुमचा पट्टा ४३ आहे. (नांदेडची मंडळी वाचत असतील तर ७८ अंश रेखांश तुमच्या जिल्ह्यातून जातो. माहूर ४३ मध्ये आणि किनवट ४४ मध्ये येतं. दोन्हीकडचं काम एकाच पट्ट्यात टाकू नका.)

जुळवण्यासाठी खुणेचे बिंदू निवडताना ओढ्याचा संगम कधी घेऊ नका. पुरात तो सरकतो. देवळाचा कळस, घाटाचं ठळक वळण, पुलाचं टोक, तलावाच्या भिंतीचा शेवट, अशा सहा-सात जागा घ्या आणि त्या शीटभर पसरलेल्या असू द्या. शीटवर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पन्नास मीटर. म्हणून दहा-वीस मीटरचा फरक उरला तर तो सोडून द्या.

उंचीबद्दल आता थोडं खोलात जातो, कारण या डोंगराची घडण समजली नाही तर समोच्च रेषा फसवतात. सगळा डोंगर बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरत गेले आणि ते आजही जवळजवळ आडवे आहेत, भाकरींच्या चवडीसारखे. कठीण थर झिजत नाही, त्याचा कडा उरतो. मऊ थर झिजून मागे सरकतो, त्याचा पदर होतो. म्हणून उतरताना कडा, पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर असं येतं. टोपोशीटवर समोच्च रेषा दर वीस मीटरला असते. पंधरा मीटरचा उभा कडा दोन रेषांच्या मध्ये पूर्ण दडून जाऊ शकतो, आणि नकाशात तिथे नुसता बरा उतार दिसतो. त्या उतारावर विश्वासून माणूस खाली निघाला तर काठावर येऊन अडकतो. जुन्या शीटवर कडे, बांध आणि तलावांच्या भिंतींजवळ आकड्यापुढे एक लहान रोमन अक्षर 'आर' दिसेल. ती त्या जागेची सापेक्ष उंची असते. ते आकडे नीट उतरवून घ्या, फार मोलाचे आहेत. बाकीचे कडे तुम्हाला स्वतःच, उपग्रहाच्या चित्रातली सावली बघून आणि जागेवर जाऊन, वेगळ्या खुणेने काढावे लागतील. नुसत्या समोच्च रेषांनी या डोंगराचं काम भागत नाही.

उंचीची फुकट माहिती तीन ठिकाणी मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानाने अकरा दिवसांत घेतलेली एसआरटीएम, आपल्या कार्टोसॅट-१ उपग्रहावरून बनवलेलं कार्टोडेम, जे इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर आहे, आणि युरोपचं कोपर्निकस. तिन्ही तीस मीटरच्या चौकटीत मिळतात. मी या कामासाठी कोपर्निकस आधी घेतो. कड्याच्या कडा त्यात कमी पुसट असतात आणि पदर ओळखू येतात. तरीही दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिन्हींमध्ये दाट झाडीच्या ठिकाणी जमिनीऐवजी झाडाच्या शेंड्याकडे झुकणारी उंची असते. आणि चाळीस मीटर रुंदीची घळ तीस मीटरच्या चौकटीत मावत नाही. तिचा तळ वर उचलला जातो, काठ खाली येतात, घळ उथळ होते. पाटणादेवीकडच्या केदारकुंड, धवलतीर्थ यांच्या घळींसारख्या जागा अशा माहितीत निम्म्याने बुजलेल्या दिसतात.

संगणकाचे नाले भरकटतात त्याचं कारणही यातच आहे. सॉफ्टवेअर आधी खड्डे भरतं, मग प्रत्येक चौकटीचं पाणी आठ शेजाऱ्यांपैकी सगळ्यात उतरत्या शेजाऱ्याकडे पाठवतं. जिथे पुरेशा चौकटींचं पाणी एकत्र आलं तिथे नाला काढतं. कड्याच्या बाजूला हे बऱ्यापैकी जमतं. सपाट माळावर सगळे शेजारी सारखेच, म्हणून तिथे समांतर, सरळसोट रेघा येतात. अशा समांतर रेघा दिसल्या की त्या पुसून टाका, तिथे खरा नाला नाही. पाझर तलावाच्या भिंतीमागे संगणक खोटं तळं भरतो आणि पाणी भलत्याच बाजूने सांडवतो. तिथे भिंतीला नकाशातच भोक पाडून पाण्याला वाट करून द्यावी लागते. नाला कुठून सुरू धरायचा याला मी दहा हेक्टरपासून सुरुवात करतो, म्हणजे सुमारे एकशे दहा चौकटी. मग उपग्रहाच्या चित्रात ओघळ कुठे सुरू होतो ते बघून आकडा बदलतो. कड्याखाली तो कमी करावा लागतो, माळावर वाढवावा लागतो. सबंध डोंगराला एकच आकडा लावला तर एक बाजू हमखास चुकते.

यानंतरचं काम चालण्याचं आहे. त्याला पर्याय नाही.

ओढा खालून वर चालत जा. वरून खाली येताना मोठा फाटा सोडून लहान ओघळात शिरणं फार सोपं असतं, आणि कड्याच्या काठावर अचानक येणं त्याहून सोपं. खालून जाताना प्रत्येक संगम समोर येतो. तिथे थांबा, जीपीएस पाच मिनिटं स्थिर राहू द्या, दोन्ही फाट्यांची रुंदी, तळ खडकाचा की वाळूचा, पाणी आहे का, हे तारखेसकट लिहा. घळीत आकाशाचा पट्टा अरुंद असतो आणि संदेश कड्यावर आपटून येतो, त्यामुळे मोकळ्या माळावर पाच मीटरच्या आत राहणारा मोबाईल तिथे सहज वीस-तीस मीटर भरकटतो. म्हणून घळीत चालताना नोंदलेली वाट जशीच्या तशी नकाशात उतरवू नका. संगम आणि धबधबे हे बिंदू धरा आणि मधला ओढा चित्रावरून काढा.

धबधब्याची उंची अंदाजाने लिहू नका. मोकळी जागा असेल तर उतारमापक घेऊन मागे सरका. माथा ४५ अंशांत दिसला की तुमचं आणि कड्याचं अंतर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची एवढी त्याची उंची. हे सपाट जागेवरच खरं. पायथा तुमच्यापेक्षा खाली असेल तर त्याचा कोनही मोजावा लागतो.

मोबाईलची उंची सरळ वापरू नका. जीपीएसची मूळ उंची लंबगोलापासून असते आणि आपल्या भागात ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा पन्नासहून जास्त मीटरने कमी येते. काही ॲप ही दुरुस्ती करतात, काही करत नाहीत. आपलं ॲप काय करतं हे उंची ठाऊक असलेल्या जागी, म्हणजे रेल्वे स्टेशनच्या पाटीजवळ किंवा सर्वेक्षणाच्या उंचीखुणेशी, तपासा. हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक असेल तर घळीत तो जास्त भरवशाचा. पण आपल्याकडे हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. हा फरक तीन मिलिबारच्या आसपास जातो आणि एक मिलिबार म्हणजे साडेआठ-नऊ मीटर. तुम्ही जागचे हलला नाहीत तरी यंत्र दुपारपर्यंत तुम्हाला पंचवीस मीटर वर चढवून ठेवतं. म्हणून निघताना, मध्ये आणि परत आल्यावर एकाच ठाऊक जागी आकडा नोंदवा आणि फरक वेळेप्रमाणे वाटून टाका.

प्रत्येक मोठा ओढा दोन ऋतूंत चाला, एकदा पाऊस ओसरल्यावर आणि एकदा चैत्र-वैशाखात. पहिल्या फेरीत ओढ्याची वाट कळते, दुसरीत त्याचं पाणी. टोपोशीटवर कोरडे ओढे काळ्या रेघेने आणि पाणी निळ्याने दाखवलेलं असतं, पण ते शीट बनली त्या काळचं. तुमच्या नकाशात वैशाखात पाणी टिकलेला प्रत्येक डोह दिसलाच पाहिजे. वन्यजीव त्याच्यावर जगतात, आणि गुरं राखणाऱ्यांनाही तेवढाच आधार असतो.

झऱ्यांकडे वेगळं लक्ष द्या. पाणी भेगांच्या आणि मांजऱ्या (बारीक पोकळ्यांच्या, मऊसर) खडकातून झिरपत येतं आणि खाली काळा अभंग पाषाण किंवा दोन थरांमधला तांबड्या मातीचा पट्टा लागला की आडवं होऊन कड्याच्या पोटातून बाहेर पडतं. थर जवळजवळ आडवे असल्यामुळे झरेही बरेचदा एकाच उंचीच्या आसपास सापडतात. एक बारमाही झरा मिळाला की त्याची उंची नोंदवा आणि त्याच पदराने दोन्ही बाजूंना चालत जा. पुढच्या घळीच्या डोक्याशी ओल, उंबर किंवा करंजाची हिरवी गर्दी दिसली की तिथे थांबा. मला ही पद्धत कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडली आहे. आणि असे झरे नकाशावर आले की वरच्या माळावर कुठे चर खणायचे, कुठे पाणी जिरवायचं, हेही ठरवता येतं. झऱ्याचं पाणी वरच्या माळावरच मुरलेलं असतं, आणि तो माळ कधी कधी दुसऱ्याच गावाच्या शिवारात असतो.

उत्तरेच्या ओढ्यांसाठी अजून एक काम करा. ३१ ऑगस्ट २०२१ ला कन्नड घाटात दरडी कोसळल्या, वाहतूक बंद पडली आणि खाली चाळीसगावात डोंगरी आणि तितूरचं पाणी बाजारपेठेत शिरलं. आखूड, तीव्र ओढ्यांचं पाणी एकाच वेळी खाली पोचतं, आणि वर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला तर खालच्यांना सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून कड्यापासून गावापर्यंत प्रत्येक ओढ्याची लांबी आणि उतार काढा, घाटाखालची प्रत्येक मोरी, तिची रुंदी, ती किती गाळाने भरलीय, आणि ताज्या दरडीच्या जखमा नकाशात घ्या. भटकणाऱ्याला याचा उपयोग नाही, पण खालच्या गावांसाठी तुमच्या नकाशातला हाच भाग सगळ्यात कामाचा ठरेल.

नावांसाठी गुराखी, मध काढणारे आणि जळणाला जाणाऱ्या म्हाताऱ्या बायांना विचारा. हा माथा एके काळी निजामाचं राज्य आणि ब्रिटिश खानदेश यांची हद्द होता, त्यामुळे एकाच खिंडीचं नाव वर एक आणि खाली दुसरं असणं साहजिक आहे. दोन्ही नावं लिहा, एकाला खोडू नका.

परवानगीचं स्पष्ट सांगतो. गौताळा-औट्रमघाट हे १९८६ पासून अभयारण्य आहे, २६० चौरस किलोमीटरचं, दोन जिल्ह्यांत पसरलेलं. वन विभागाच्या वन्यजीव कार्यालयातून लेखी परवानगी घेतल्याशिवाय आत काम करू नका आणि ड्रोन तर मुळीच उडवू नका. वनरक्षकाला सोबत घेतलं तर कामच सोपं होतं, त्याला डोह आणि वाटा माहीत असतात. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय माणसाला स्वतः नकाशा बनवायला आधी मंजुरी लागत नाही, पण संवेदनशील ठिकाणांची बंधनं कायम आहेत. बिबट्याच्या गुहा, गिधाडांची किंवा घुबडांची घरटी, दुर्मिळ वनस्पतीच्या जागा हे सगळं नोंदवा आणि वन विभागाला द्या. सार्वजनिक नकाशात ते घालू नका. कड्यावर आग्यामोहोळ असतं, तिथे अत्तर, धूर आणि गोंगाट टाळा. पावसात वर ढग असताना घळीत शिरू नका, खाली ऊन असलं तरी.

सबंध डोंगर एकदम हाती घेऊ नका. तुमच्या गावाला ज्या ओढ्याचं पाणी येतं तेवढंच खोरं निवडा. त्याची पाणी वाटणारी रेघ गट नकाशावरून काढा, १:१०,००० चा कागद छापून घ्या, त्यावर संगणकाचे नाले फिक्या पेन्सिलीत उतरवा आणि चालून पक्का झालेला प्रत्येक तुकडा शाईने गिरवत जा. पेन्सिलीतलं जे उरेल ते नकाशात तुटक रेघेने आणि 'न पाहिलेलं' असं लिहूनच ठेवा. शेजारचं खोरं पहिल्याचा वैशाखी फेरा झाल्यावर घ्या, तोपर्यंत उंचीमापकाचे फरक आणि झऱ्यांची पातळी तुमच्या वहीत आलेली असेल.